पाती पुसून

पावणेसहाला हॉलचं कुलूप मी काढते.
बाहेर उणे चौदा, आत उणे एक,
तेव्हा आत येणं हीसुद्धा ऊबच,
असं मी पालकांना सांगते
आणि ते थर्मासचं झाकण फिरवत
बळेबळे हसतात.

पहिल्या दिवशी सगळे विचारतात,
आमच्या मुलांकडून तुमची अपेक्षा काय?
मी म्हणते, बुटांचे बंद त्यांनी स्वतः बांधावेत.
एवढंच?
एवढंच.
तिसरा हिवाळा चाललाय, तरी इल्मोचे वडील
फरशीवर गुडघे टेकून त्याच्या बुटांशी झटतात
आणि मुलगा छताकडे बघत बसतो, राजासारखा.

रौमा हे लेस विणणाऱ्यांचं गाव.
पाहुणे काचेपलीकडून बर्फावरच्या रेघा बघतात,
म्हणतात, अगदी लेस!
मला नाही बाई दिसत लेस.
मला दिसतं, कोण टाचेवर बसलं,
वळताना कुणी पाय घासला,
कुणाचं लक्ष काचेतल्या स्वतःच्या वेणीकडे होतं.

लुट्झ मारायची तर बाहेरच्या कडेवरून.
पण उडीच्या आधी, अगदी शेवटच्या क्षणी
घोटा आत कलतो.
सगळ्यांचाच कलतो. माझाही कलायचा.
परीक्षकांना दिसेल, न दिसेल.
रेघ मात्र मागे राहते,
पाणी सोडणारं यंत्र फिरेपर्यंत.
मी म्हणते, परत जा, वाक, बघ तिच्याकडे,
आणि काय झालं ते तू मला सांग.
मी नाही सांगणार.

पडलीस तर माझ्याकडे बघू नकोस.
आईकडे तर मुळीच नको.
आधी बोटं मिटून घे, मागून कुणाचं पातं येत असेल.
मग एक गुडघा, मग दुसरा,
मग संगीत जिथं पोचलं असेल तिथून पुढे.
ते तुझ्यासाठी थांबलेलं नसतं.

हे सगळं केर्त्तूला कधी सांगावं लागलं नाही.
नऊ वर्षं माझ्याकडे होती.
फेब्रुवारीत एका सकाळी कठड्याशी आली,
नाक लाल, हातमोजे दातांत धरलेले,
ते काढून म्हणाली, मला आता नको वाटतं.

मी काय बोलायला हवं होतं, ते मला रात्री सुचलं.
त्या वेळी मनात नऊ वर्षांचा हिशेब मांडला,
पेट्रोलसकट.
आणि तोंडाने म्हणाले,
बूट क्लबचे आहेत, शुक्रवारपर्यंत आणून दे.

शुक्रवारी मी नव्हते. माझा हा गुडघा, आणि दवाखाना.
सोमवारी कपाट उघडलं तर बूट आत.
जीभ बाहेर ओढून वाळवलेले.
पाती कोरडी,
स्क्रूच्या खाचेतलं पाणीसुद्धा टिपलेलं,
वर कापडी खोळ; प्लास्टिकची नाही, तिच्यात गंज धरतो.
बंद पार खालपर्यंत सैल केलेले,
पुढच्या पायाला आत जाता यावं म्हणून.

हे मी तिला कधी शिकवलं, आठवेना.
बहुधा पहिल्याच हिवाळ्यात, एकदा, घाईत,
दुसऱ्याच कुणावर ओरडताना.

चिठ्ठी वगैरे काही नव्हती.
मी बुटांत हात घालून पाहिलं, उगाच.

बाहेर इल्मोचे वडील वाकलेलेच होते.
म्हटलं, उठा हो, फरशी गार आहे.
ते उठले. इल्मोने बंदांकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
मग कितीतरी वेळाने खाली वाकला
आणि पहिलीच गाठ उलटी मारली.

मी काही बोलले नाही.
सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, बर्फावर कुणीच नव्हतं.
केर्त्तूचे बूट सदतीस नंबरचे.
इल्मोच्या बहिणीला पुढच्या वर्षी होतील,
मोजे जाड घातले तर.