पाठीमागचा अंगठा

शिकागोच्या दक्षिणेला, मालगाड्यांच्या यार्डामागे
लेओकाडिया व्रोनाची वखार.
सिंह तेवीस. दोन बिननाकाचे.
द्राक्षांचे घोस, खडूने भाव लिहिलेले,
आणि पाडलेल्या एका बँकेच्या नावातली
शेवटची चार अक्षरं.

सहाव्या मजल्यावरचा सिंह जमिनीवर आला
की भलताच मोठा निघतो.
खालून बघणाऱ्यांसाठी डोळे खोल कोरलेत,
जरा जास्तच;
जवळून तो घाबरल्यासारखा वाटतो.

गिऱ्हाईक पुढूनच बघतं.
बागेत ठेवायचाय. तोंडात कारंजं बसेल का?
लेओकाडिया उत्तर देत नाही,
सिंह उपडा करते.

आतून पोकळ. मातीच्याच आडव्या भिंती,
चुन्याचे पोपडे, कबुतराच्या काड्या,
ओलेपणीच खिळ्याने ओढलेला आकडा:
एकशे बारा, डावा.
शेजारी चार बोटं आणि एक अंगठा,
साच्यात माती दाबणाऱ्या कुणाचा तरी.
त्याने कशाला पुसावा?
ही बाजू भिंतीतच जायची होती.

ती आपला अंगठा त्या खळग्यात ठेवते.
मावत नाही.
"भट्टीत माती आखडते," ती म्हणते,
"फुटामागे इंचभर.
त्याचा हात याहून मोठा होता."

गिऱ्हाईक पाकीट काढतं,
पुन्हा कारंज्याचं विचारतं.
होईल की. मागून भोक पाडावं लागेल.

मग बाहीने ती खडूचा भाव पुसते.
"हा नको.
तो घ्या, दारापाशीचा.
त्याची पाठ कोरी आहे."