घर्षण नगण्य माना

प्रश्न सहावा: थांबलेली घसरगाडी,
दोनशे मीटर उतार, कोन बारा अंश.
घर्षण नगण्य माना. तळाशी वेग काढा.

लुसिलियाने चौकोन काढला.
एक बाण सरळ खाली,
एक उताराला काटकोनात.

समोर बाप. मोन्तेच्या चढावरून दिवसभर
पाहुण्यांच्या वेताच्या गाड्या
दोरीला लोंबकळत खाली आणलेला.
बूट उलथा करून बघतोय:
जुन्या टायरचा तळ, टाचेपाशी पार कागद.

'नगण्य म्हणजे?'
'नाहीच असं धरायचं.'
'कुणी धरायचं?'

ती काही बोलली नाही.
वस्तुमान दोन्हीकडून कटलं,
जाडे, बारीक सगळे पाहुणे सारखेच.
वेग आला सेकंदाला साडेअठ्ठावीस मीटर.
पुस्तकामागचं उत्तर जुळलं.

आदेलिनोने मनात हिशेब केला.
'म्हणजे वळणावरच्या बेकरीत
आम्ही भिंतीतूनच पाव घेणार.'
आणि खिळे ओठांत धरून
नवा तुकडा ठोकायला बसला.

ठकठक चालू असताना
तिने चौकोनाला तिसरा बाण जोडला,
उताराच्या उलट, आखूड, जरा वाकडा.
टोकाशी, जिथे चिन्ह लिहितात,
तिथे लिहिलं:
बेचाळीस नंबरचा बूट.