वाहक

मेडिकलच्या जुन्या व्याख्यानगृहात माझं काम एवढंच:
माइकच्या बॅटऱ्या बदलणं,
पाण्याच्या बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवणं
(स्टेजवर ती वक्त्यांना उघडत नाहीत, का कोण जाणे)
आणि तिसऱ्या पंख्याखाली कुणाला बसू न देणं.

एप्रिल. बाहेर त्रेचाळीस.
कूलरची घरघर माइकमध्ये शिरते म्हणून कूलर बंद.
पोरं वहीनं वारा घेत
ऐकून राहिली आरोग्यातली विषमता.

टिपरे मॅडम पुण्याहून आल्या होत्या.
पहिली स्लाइड शिकागोची, एकोणीसशे दहा.
दातांची डॉक्टरकी शिकायला बेटावरून आलेला एक काळा तरुण,
त्याच्या रक्ताच्या थेंबात
विळ्यासारखी वाकलेली पेशी.
डॉक्टरांचं नाव लेखावर छापलेलं.
तरुणाचं नव्हतंच, मॅडम म्हणाल्या,
आणि पाणी प्यायल्या.

मग आपला नकाशा.
जितका रंग गडद तितके रुग्ण जास्त.
आमचा भिवापूर इतका गडद
की नाव वाचता येईना.

"जे स्वतः आजारी नसतात
पण रक्तातून आजार पुढे नेतात,
त्यांना आपण वाहक म्हणतो."

हा शब्द मला तेव्हापासून ठाऊक आहे
जेव्हा मला वाचताही येत नव्हतं.
बाबांच्या खाकी शर्टावर होता तो, पितळी बिल्ल्यावर.
नागपूर, उमरेड, भिवापूर,
दांडीवर पंच वाजवत टिक टिक,
सुट्टे काढा, मागचे पुढे सरका.

तक्षशिलाचे सांधे दुखायचे तेव्हा शेजारी म्हणाले वात आहे.
डोळे पिवळे झाले तेव्हा
कुणीतरी काविळीची माळ घातली तिच्या गळ्यात.
माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत आली
आणि मग आम्ही तिला घेऊन इथे आलो,
वॉर्ड नंबर आठवत नाही, खाली गादी होती.
एक नवाच डॉक्टर, मिसरूडही न फुटलेला,
रिपोर्ट हातात धरून बाबांना म्हणाला,
तुम्ही वाहक आहात.

हो साहेब, बाबा म्हणाले. गणेशपेठ डेपो.

डॉक्टर हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
कागदावर चार चौकटी काढल्या.
आई अर्धी, बाबा अर्धे, एका चौकटीत पूर्ण
काळी केलेली तक्षशिला.
बाबांनी तो कागद तिकिटांच्या पेटीत ठेवला
फाटक्या नोटांच्या खाली,
आणि पुढे कितीतरी रात्री आईला विचारत राहिले:
फुकट तं म्या कोणालेच नेलं नाही वो,
मंग हे कसं नेलं?

आज कळलं, स्लाइड अकरा:
ज्यांच्या रक्तात अर्धा विळा असतो
त्यांना हिवताप सहसा मारू शकत नाही.
रानातल्या तापातून जे वाचले
त्यांनी मागे ठेवलेली ही खूण.
बाबांना हे कुणीच सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर तक्षशिला राहिली असती असं नाही.
पण ते रात्री जरा झोपले असते.

प्रश्न असतील तर, मॅडम म्हणाल्या.
मी कॉर्डलेस घेऊन मधल्या वाटेनं निघालो,
या रांगेपासून त्या रांगेपर्यंत,
दोन्ही बाजूंना माना खाली.
कुणीच हात वर करेना.
शेवटच्या रांगेशी पोचलो
तेव्हा माइक माझ्याच तोंडाजवळ होता.

"मॅडम, भिवापूरहून दर महिन्याला रक्त तपासायला येतात
त्यायचं तिकीट कोण काढते?"

अठरा वर्षं या भोंग्यांमधून
सगळ्यांचे आवाज मी नीट करत आलो.
माझा पहिल्यांदा ऐकला. थोडा चिरका आहे,
बास वाढवायला हवा.

चांगला प्रश्न, मॅडम म्हणाल्या.
त्यांच्याकडे आकडा नव्हता. तसं त्यांनी सांगितलंही
आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.
मग आभार, मग चहा,
विभागप्रमुख माझ्याकडे न बघता गेले.

मी वायर गुंडाळायला घेतली,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
माइक बंद करायचा राहून गेला होता.
रिकाम्या खुर्च्यांवरून परत येत राहिला
माझ्या नखाचा आवाज त्याच्या जाळीवर,
टिक टिक.