चालेल

अंबडच्या कारखान्यात दादा स्टोअर सांभाळायचे.
दोन फोरमन एका ड्रिल मशीनवरून
तीन दिवस एकमेकांचं तोंड बघत नसले
की दादांच्या टेबलावर तीन कटिंग यायचे.
काय बोलत, कुणास ठाऊक.
संध्याकाळी मशीन सुरू,
चहाचे पैसे गांगुर्डेंच्या खात्यावर.

घरी आई आणि आत्या
सिडकोतल्या खोलीच्या हिश्श्यावरून फोन आपटायच्या.
दादा दोघींनाही म्हणायचे, तुझं खरं आहे.
मी एकदा चिडले : दोघींचं खरं कसं?
ते मेथी निवडत राहिले.
"भाऊबीजेला दोघी एका पंगतीत बसल्या, की झालं."

पंखा एकवर, चालेल.
रात्रपाळी, चालेल.
खिडकी तुला घे गं, मला कुठंही चालेल.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी
गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो सगळे.
पोऱ्यानं विचारलं, काका, रस्सा काळा की लाल?
सवयीनं आम्हीच बोललो,
त्यांना कोणताही चालेल.

दादा कागदी रुमालाची घडी घालत होते.
अगदी हळू म्हणाले,
"मला खरं तर तिखट सोसत नाही."

कधीपासून? आत्या.
"पहिल्यापासून."

कुणी काही बोललं नाही.
तेवढ्यानंच घाबरले बिचारे :
"पण आज चालेल."

मिसळ आली.
आईनं आपली दह्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.
आत्यानंही.
आणि दादा बसून राहिले
दोन वाट्यांकडे आळीपाळीनं बघत,
आधी कुणाची घ्यावी.