पान सतरा

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, गोळीबार चौकात,
रस्स्याची चव पाहताना
देवकाबाई हेडाऊंची खालची दाढ
नळीच्या तुकड्यावर तुटली.
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला म्हणे,
गिऱ्हाईकानंही ऐकला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात.
वर बोर्ड : झेरॉक्स, पॅनकार्ड, विमा.
पदराची गाठ सोडली,
मक्याच्या दाण्याएवढा तुकडा
टेबलाच्या काचेवर ठेवला.
"हे घे. पुरावा."

मी पॉलिसी उघडली. पान सतरा.
मुंग्यांनी लिहिल्यासारखी अक्षरं :
दंतोपचार वगळून;
अपघातामुळे रुग्णालयात भरती व्हावं लागल्यास ते वगळता.
वगळून आणि वगळता.
एकाच ओळीत दोन दारं,
दोन्ही बाहेर उघडणारी.

"अपघातच झाला ना रे भाऊ.
मी काय मुद्दाम चावली?"
"बाई, अपघात म्हणजे बाहेरून आलेला."
"मग नळी काय माझ्या पोटातून आली?"

टोल फ्री नंबर लावला.
अर्धा तास बासरी वाजली,
मग पलीकडच्या मुलीनं विचारलं,
पेशंट चौबीस घंटे भरती थीं?
देवकाबाईंनी फोनकडे पाहिलं,
मुलगी त्यातच बसली असल्यासारखं.
"एका दाढेसाठी चोवीस तास खाटेवर झोपू?
अन् चुलीपाशी कोन बसन?"

मी हसलो. त्या नाही हसल्या.

मग हळूहळू निघालं,
जसं दाताच्या फटीतून काहीबाही निघतं.
तीन वर्षांपूर्वीच दाढेला कीड होती.
डॉक्टर म्हणाला होता, सातशेत भरून देतो.
"तूच सांगतलं ना, दोन वर्षं थांबा,
मग सगळं निघते कंपनीकडून.
थांबली मी.
ठणका लागला का लवंग दाबायची,
म्हणायची, सडू दे, आपला विमा आहे."

दोन वर्षं मी मोतीबिंदूची सांगितली होती.
हर्नियाची.
त्यांनी दाढेची ऐकली.
आणि 'सगळं' हा शब्द
माझाच होता, हे मला आठवलं.
समोर त्यांचंच ताट होतं तेव्हा,
तर्रीनं नाक वाहत होतं,
आणि ताटाचे पैसे
त्यांनी घेतले नव्हते.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
त्या वर्षीच्या कमिशनात मी
मुलीची सायकल घेतली.

मेडिकलच्या आवारातल्या डेंटल कॉलेजात
सकाळी आठला दोघं रांगेत उभे राहिलो.
गोंदियाकडची एक शिकाऊ डॉक्टर,
हात स्थिर, आवाज मात्र कापरा :
"मावशी, आणखी दोन किडल्यात. आधी का नाही आलात?"
देवकाबाईंचं तोंड उघडं होतं,
आत आरसा, कापूस, नळी
(ही नळी थुंकी ओढणारी).
त्यांनी नुसतं बोट उचललं
आणि भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे केलं.

आता मी गिऱ्हाइकाला आधी पान सतरा वाचून दाखवतो.
चष्मा नसेल तर माझा देतो.
"दात सोडून," म्हणतो.
"काहून? दात काय दुसऱ्याचे आहेत?"
निम्मे उठून जातात.
बायको म्हणते, झेरॉक्सवरच चालवा मग घर.

तुकडा अजून काचेखाली आहे.
परत न्यायला त्या आल्या नाहीत.

ताट मात्र अजून मिळतं,
आता पैसे देऊन.
नळी मला वाढत नाहीत.
लुसलुशीत तुकडे वेचून टाकतात वाटीत,
वरून म्हणतात,
"जपून खाय बाप्पा.
तुहाबी विमा त्याच कंपनीचा."