जलरेषा

चाचणीच्या कागदावर माणसं काय लिहितात
ते मला विचारा.
तुर्कूला, आउरा नदीच्या वळणावरच्या दुकानात
सतरा वर्षं मी याच काउंटरमागे उभी आहे.
बहुतेक जण स्वतःचं नाव लिहितात
आणि लगेच खोडतात, चोरी पकडली गेल्यासारखे.
पोरं भेंडोळी काढतात.
एका पाद्रीबाबांनी नुसतं लिहिलं होतं :
दूध, मेणबत्त्या, दूध.

राइली आहोकास एकच रेघ ओढायची.
दर फेब्रुवारीत, पेन्शनच्या दुसऱ्या दिवशी,
बुटांवरचा बर्फ दाराशी झटकून यायची,
सगळी पेनं मागायची, घ्यायची एक.
जहाजांच्या कारखान्यात, ड्रॉइंगच्या तिरक्या टेबलाशी
एकतीस वर्षं उभी राहिलेली बाई.
तिला मी काय पेन विकणार!

पेनांबद्दल बोलायची ती जावयांबद्दल बोलावं तशी.
"जेल? दिसायला देखणं. पण डावखुऱ्याच्या बाहीला विचार.
आमचे एइनो डावखुरे. त्यांची प्रत्येक चिठ्ठी
अर्धी कागदावर, अर्धी तळहातावर.
फाउंटन पेनाची रोज विचारपूस करावी लागते,
चार दिवस विसरलीस की बसलं रुसून.
आणि हे बॉलपेन –
गोदीवर उणे वीसमध्ये याची दातखीळ बसायची,
फोरमन काखेत धरून उबवायचा, कोंबडीने अंडं उबवावं तसं.
शेवटी कानामागची पेन्सिलच खरी.
शिशाला थंडी वाजत नाही."

जीव मात्र तिचा शून्य पूर्णांक तीनवर,
नळीच्या टोकाच्या त्या पेनावर.
ते काटकोनात उभं धरायचं. कललं की शाई बंद.
जोर दिला की नळी वाकली, आठवड्याचा पगार गेला.
ट्रेसिंगवर चुकलं तर ब्लेडच्या कडेने खरवडायचं,
श्वास रोखून,
मग ती जागा नखाने घोटायची,
"नाहीतर पुढची शाई नेमकी तिथेच फुटते, पोरी.
कागद विसरत नाही."

यंदा ती आली तेव्हा काउंटरवर ओनेर्वा होती,
चित्रकलेच्या शाळेतली, हिरव्या केसांची.
ती फायनलायनरने एक डोमकावळा काढते,
बोटाला थुंकी लावून त्याची शेपूट घासते.
शेपूट पसरली की पेन परत.
(थुंकीचं मी काही बोलत नाही. चांगली गिऱ्हाईक आहे.)

राइलीने शून्य पूर्णांक तीन मागितलं.
उभं धरलं.
रेघ निघाली आणि थरथरली,
एक बारीक, नाइलाजाची कापरी रेघ, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.
मी बिलाच्या वहीत उगाच काहीतरी शोधू लागले.
ओनेर्वाने नजर हटवली नाही.
"हे काय आहे?" तिने सरळ विचारलं.

राइलीने चष्मा कपाळावर ढकलला.
"जलरेषा," ती म्हणाली.
"जहाज कुठवर बुडणार ते दाखवायला
नकाशात पाणी काढावं लागतं. आम्ही ते पट्टीने ओढायचो.
एकतीस वर्षं पट्टीने पाणी ओढलं मी."
मग ती खुदकन हसली, कागदाकडे बघून,
"आणि खिडकीबाहेर समुद्र होता गं."

तिने खाली आणखी एक ओढली. मग एक.
ओनेर्वाने आपला कावळा त्यावर पोहत असल्यासारखा
कागद फिरवून पाहिला, काही म्हणाली नाही.

घेतलं मात्र सगळ्यात स्वस्त, निळं बॉलपेन.
एक युरो वीस. शब्दकोड्याला पुरे, म्हणाली,
आणि वीस सेंट मोजायला तिला बराच वेळ लागला.

संध्याकाळपर्यंत त्या पाण्याखाली
तिघांनी आपापली नावं लिहिली, खोडली.
रोज दुकान बंद करताना वरचा कागद मी फाडते.
तो अजून तसाच आहे.