पाच आधी, वीस नंतर

भोसरीत आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर,
खाली पत्रा कापायचा कारखाना.
सव्वाअकराला प्रेस सुरू झाली
की टेबलावरच्या चहात वर्तुळं उठतात
आणि तेवढा वेळ कोणी मुद्द्याचं बोलत नाही.
त्या दिवशी ढमढेरेंनी तेवढ्यात फळा भरला:
आर्म, रिस्क-फाइव्ह, मिप्स, एव्हीआर, पॉवरपीसी.
प्रेस थांबल्यावर म्हणाले, तीनच ठेवायच्या.
माणसं चार. त्यातलं एक बाळंतपणाच्या रजेवर.

आमची सिस्टीम एवढीशी.
वजनकाट्यात बसते, पंपात बसते,
दूध गार करायच्या टाकीत बसते.
कोणाला दिसत नाही.
दिसली, तर समजायचं बिघडली.

आर्मवर चर्चाच नाही, घर त्यावर चालतं.
रिस्क-फाइव्हला सगळे हात वर,
सेल्सच्या तन्मयने तर दोन्ही केले.
इम्तियाज बागवानने विचारलं, बोर्ड कोणाकडे आहे?
मागवलाय, येईल.
"बाजारात तुरी," तो एवढंच म्हणाला
आणि तरीही त्याने हात खाली घेतला नाही.
मिप्स राहिलं. राउटरवाल्यांचा चेक वेळेवर येतो.
एव्हीआर पुसताना मात्र कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
आठ बिटांची ती चिप
टापकीर गल्लीतून साठ रुपयांना आणून
बोटं भाजून घेत सगळे तिच्यावरच शिकलो होतो.

उरली माझी.
अकरा वर्षं. गिऱ्हाईक एकच,
मंचरची डेअरी, एकेचाळीस टाक्या.
"ती आकडे उलटे ठेवते ना," तन्मय म्हणाला.
मी म्हटलं, उलटे नाही रे.
बाकीच्या धाकटं टोक आधी ठेवतात, ही थोरलं.
तू पंचवीस लिहितोस कसा? दोन, मग पाच.
म्हणतोस कसा? पाच आधी, वीस नंतर.
पेन एका टोकाने निघतं, जीभ दुसऱ्या,
आणि हिशेब तरी कुठे चुकतो आपला?
सगळे हसले. मीही.
वाटलं, वाचली.

मग इम्तियाज हळूच म्हणाला,
मॅडम, तुमच्यानंतर?

यादीत नाव घालायला खडूचा तुकडा पुरतो.
पण नाव आहे म्हणजे
रात्री दोनला फोन उचलणारं माणूस आहे,
त्याच्या टेबलावर तो बोर्ड आहे, वायर जोडलेली,
दिवा लुकलुकणारा.
माझं माणूस म्हणजे मी.
मार्चमध्ये अठ्ठावन्न, आणि एक गुडघा.
डस्टर मीच उचललं.
भीड भिकेची बहीण, हे मीच नव्या पोरांना सांगते.

संध्याकाळी फोल्डर उघडलं, काढून टाकायच्या आधी
एकदा बघायचं म्हणून.
बावीस हजार ओळी.
त्यातल्या काही ससूनच्या बाकावर लिहिलेल्या,
सासूबाई आत होत्या तेव्हा.
एके ठिकाणी माझीच टीप:
"इथे हात लावू नये. कारण आठवत नाही."
मी हात लावला.
कुठे काही पडलं नाही.
पुढचं बिल्ड सहा मिनिटं लवकर संपलं,
ढमढेरेंनी तेवढंच पाहिलं, खूश झाले.

मंचरला फोन मीच केला.
बाणखेले म्हणाले, टाक्या बंद पडणार का?
नाही हो. चालतील. आहेत तशा चालत राहतील.
फक्त नवीन काही येणार नाही आता,
आणि बिघडलं, तर...
"दूध तर रोज येणार," ते म्हणाले.
तक्रार नव्हती. वेळापत्रक सांगितल्यासारखं.
मागे कॅन आपटत होते, कोणीतरी फॅट ओरडून सांगत होतं.

घरचा नंबर देऊन ठेवते, मी म्हटलं.
थांबा, मार्कर घेतो. टाकीच्या दारावरच लिहितो.
सांगा.
अठ्ठ्याण्णव, मी म्हटलं,
आठ आधी, नव्वद नंतर,
आणि पत्र्यावर मार्कर करकरला:
नऊ. आठ.
पुढे?